लॉकडाऊनची वर्षभराची रोजनिशी: आता वाचायची कशी आणि ठेवायची कशी?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

घरात लॉकडाऊनमधली रोज लिहिलेली रोजनिशी आहे. २०२० च्या गुढीपाडव्याला सुरू, २०२१ च्या पाडव्याला बंद. २०० पानी तीन लाँगबुकं, सुरुवातीचे काही आठवडे २०१९ च्या एका न वापरलेल्या डायरीत (दुकानं बंद, वही मिळेना म्हणून), आणि मधला थोडा मजकूर फोनमध्ये. कुठे बॉलपेन, कुठे जेल, कुठे शाईपेन. पानांत किराण्याची बिलं, ई-पासची प्रिंट, कात्रणं खोचलेली.

आता हे नुसतं चाळायचं नाही, नीट वाचून त्या वर्षाबद्दल काहीतरी पक्कं हाती लागावं असं वाटतं. शंका अशा:

वाचायची काही पद्धत आहे का, की पहिल्या पानापासून वाचत सुटायचं? तारखांचा घोळ आहे, बऱ्याच ठिकाणी फक्त 'लॉकडाऊन दिवस १७' असं लिहिलंय, तो कसा सोडवायचा? सगळं टाइप करावं की स्कॅन पुरे? आणि घर रत्नागिरीकडे, दमट हवा. काही पानांवर आताच ठिपके दिसू लागलेत.

---

दप्तरदार

सगळ्यात आधी एक काम, आणि तेही वही न उघडता. कोऱ्या कागदावर आजची तारीख घाला आणि त्या वर्षाबद्दल आज जे आठवतं ते लिहून काढा. दोन पानं पुरेत. कधी काय झालं, कोण आजारी पडलं, कशाची भीती होती, घरात वाद कशावरून व्हायचे. हे एकदाच करता येतं. वही वाचली की वाचलेलं आणि आठवलेलं एकमेकांत मिसळतं आणि मग वेगळं काढता येत नाही.

नंतर वाचताना या दोन पानांशी ताडून बघायचं. फरक बहुधा ठरलेल्या जागी निघतो. पहिले तीन आठवडे आठवणीत ऐसपैस पसरलेले असतात, ऑगस्ट ते जानेवारी जवळजवळ पुसलेले असतात, आणि २०२० च्या उन्हाळ्यातली भीती नि २०२१ च्या एप्रिलमधली भीती एकच होऊन बसलेली असते. वह्यांमध्ये मात्र त्या दोन सरळ वेगळ्या दिसतात. पहिल्या वर्षी दुधाच्या पिशव्या धुणं, भाजी मिठाच्या पाण्यात, नाक्यावर पोलिसांची काठी. दुसऱ्या वर्षी खाट, ऑक्सिजन, रेमडेसिविर. रोजनिशीचा खरा उपयोग इथे आहे. वर्षभरात आपण 'काय शिकलो' हे शोधत वाचायला बसलात तर वही तुम्हाला हवं तेच सांगेल.

मग पानांवर क्रमांक. मऊ पेन्सिल, २बी चालेल, खालचा बाहेरचा कोपरा. प्रत्येक वहीला अक्षर द्या: क, ख, ग, घ. म्हणजे क-१, क-२ असं. कोरी पानंसुद्धा मोजा, वगळू नका. खोचलेल्या चिठ्ठीला ती जिथे सापडली त्या पानाचा क्रमांक देऊन पुढे अ, आ लावा: ख-४१अ. चिठ्ठी जागची हलवायच्या आधी क्रमांक आणि फोटो, हा क्रम चुकवू नका. बिल कुठल्या पानात होतं हीच कधीकधी त्या बिलाची एकमेव तारीख असते.

आता तारखा. 'दिवस १७' मोजायला सुरुवात कुठून केली हे वहीवहीत वेगळं असतं. कुणी २२ मार्चच्या जनता कर्फ्यूपासून धरतात, कुणी २३ पासून, कारण राज्यात संचारबंदी तेव्हाच जाहीर झाली, कुणी २५ पासून. गोव्यात जनता कर्फ्यूच पुढे वाढवला होता, त्यामुळे तिकडच्या वह्यांत २२ जास्त सापडतो. तुमची सुरुवात पाडव्याची, म्हणजे २५ मार्च हा पहिला दिवस धरून बघा: १४ एप्रिलला २१ वा, ३० एप्रिलला ३७ वा, ३१ मे रोजी ६८ वा. पण गृहीत धरू नका, खुणेच्या घटनांशी जुळवा.

खुणा भरपूर आहेत. रविवार ५ एप्रिल, रात्री ९ वाजता दिवे. दूरदर्शनवर रामायण २८ मार्चपासून रोज सकाळी ९ आणि रात्री ९ ला, १८ एप्रिलला संपलं. ४ मे रोजी दारूच्या दुकानांपुढच्या रांगा. ३ जून बुधवारी निसर्ग वादळ. रत्नागिरी-रायगडच्या वहीत त्या पानावर वीज गेल्याची नोंद हमखास असणार. २१ जूनचं सूर्यग्रहण. २२ ऑगस्टला गणेशचतुर्थी. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, देवळं उघडली. २१ डिसेंबरला संध्याकाळी गुरू-शनी चिकटून दिसले. वहीत चंद्राचा उल्लेख असेल तर पंचांग काढा, ८ एप्रिलची हनुमान जयंतीची पौर्णिमा ही चांगली खूण आहे. अशा सात-आठ जागा पक्क्या झाल्या की मधल्या तारखा आपोआप बसतात.

२०१९ च्या डायरीत एक खास सापळा आहे. त्यात छापलेला वार चुकीचा असणार. २०२० लीप वर्ष, म्हणून मार्चपासून पुढे वार दोनने सरकतो: २५ मार्चला डायरीत सोमवार छापलेला, प्रत्यक्षात बुधवार. लिहिणाऱ्यानं कधी छापील वारावर विसंबून 'आज रविवार' लिहिलं असेल, कधी खऱ्या. तारीख आणि वार जुळत नसेल तर तारीख धरायची की वार, हे मजकुरावरून ठरवा, सरसकट नियम लावू नका. आणि 'पाडवा ते पाडवा' म्हणजे वर्ष हे म्हणताना जरा जपून: मध्ये अधिक आश्विन आला, त्यामुळे २५ मार्च २०२० ते १३ एप्रिल २०२१ हे अंतर ३८४ दिवसांचं आहे. नोंदींची सरासरी वगैरे काढणार असाल तर ३६५ नं भागू नका.

सूची कशी करायची ते पुढच्या प्रतिसादात लिहितो.

---

फडताळ

उत्तम धागा, वाचनखूण साठवली.

टायपिंगबद्दल माझं मत: सगळं युनिकोडमध्ये टाइप करून घ्या, शुद्धलेखन सुधारा, 'आज काही नाही' छाप दिवस गाळा आणि दीडशे पानांचं घरगुती पुस्तक करा. मूळ वह्या पुढची पिढी वाचणार नाही, अक्षर लागणार नाही. गूगलच्या मराठी आवाजी टायपिंगनं काम झपाट्यानं होतं, वाचत जायचं नि तो लिहीत जातो.

---

दप्तरदार

@फडताळ, आवाजी टायपिंगला पूर्ण अनुमोदन. विरामचिन्हं हातानं घालावी लागतात आणि माणसांची, गावांची नावं तो हमखास बिघडवतो, त्यामुळे प्रत्येक पान संपलं की लगेच तपासायचं, शेवटी एकगठ्ठा नाही. पण शुद्धलेखन सुधारणं आणि कंटाळवाणे दिवस गाळणं, दोन्हीला ठाम विरोध.

प्रत करायची ती मूळबरहुकूम. चूक तशीच ठेवा, खोडलेला शब्द वाचता येत असेल तर तोही खोडलेला दाखवा, न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंसात टिंबं. मार्चमध्ये 'करोना' आणि जूनपासून 'कोरोना' असं लिहिलं असेल तर ते एकसारखं केलंत की लिहिणारा कधी कुठलं वर्तमानपत्र वाचत होता, कुठलं चॅनेल बघत होता हा धागाच तुटतो. सुधारलेली वाचनप्रत हवी तर दुसरी फाइल करा.

आणि रिकामे दिवस हा तर मोठा पुरावा. दर महिन्याचे 'आज विशेष काही नाही' मोजा, तसेच न लिहिलेले दिवसही. ते दोन वेगळे आकडे आहेत. पहिला वाढतो तेव्हा माणूस रुळलेला असतो. दुसरा वाढतो तेव्हा बहुधा घरात काहीतरी चालू असतं आणि लिहायला उसंत नसते.

सूचीबद्दल. पहिली तीसेक पानं नुसती वाचा, मग मथळे ठरवा. बारा-पंधराच्या वर नकोत. माणसं, आजारपण, औषधं, वाणसामान आणि भाव, पैसे, कामधंदा, शाळा, ये-जा आणि पोलीस, सोसायटी किंवा वाडी, सण, बातम्या, हवा आणि पक्षी, ऐकीव गोष्टी. 'मनःस्थिती' असा मथळा मुद्दाम ठेवू नका, सगळी वही त्यातच जाऊन बसते. भीतीची नोंद असेल तर कशाची, ते लिहा आणि त्या मथळ्याखाली घाला.

नोंद अशी दिसली पाहिजे:

क-२६, रवि. १९ एप्रिल २०२०. भाजीचा टेम्पो फाटकाशी, रांगेला चुन्याचे गोल, कांदे ४० रु. किलो, एका घरातून एकच माणूस. मथळे: भाव, सोसायटी.

एका ओळीत पान, तारीख, जे लिहिलंय त्याचा ऐवज, मथळे. मत नाही. 'किती वाईट दिवस होते' हे सूचीत यायला नको. मत मांडायचं असेल तर त्याची वेगळी वही करा, आणि तिथेही तारीख घाला. मूळ पानाच्या समासात आज काहीही लिहू नका. फारच राहवलं नाही तर पेन्सिलीनं, चौकटीत, तारखेसह. आणखी दहा वर्षांनी समासातली कुठली ओळ तेव्हाची नि कुठली नंतरची हे लिहिणाऱ्यालासुद्धा सांगता येत नाही.

सूची झाली की दर महिन्याचं एक पान करा. अर्ध्या पानात घडलेलं, उरलेल्या अर्ध्यात 'या महिन्यात पुढचं काय माहीत नव्हतं' ते. मे २०२० च्या पानावर शाळा कधी उघडणार याचा अंदाज काय होता? लस कधी येईल असं वाटत होतं? अंदाज चुकले म्हणून हसण्यापुरती ही यादी नसते. त्या अंदाजावरच माणसांनी भाडेकरार मोडले, लग्नं पुढे ढकलली, नोकऱ्या सोडल्या.

रुग्णसंख्येचे आकडे वहीत असतील तर ते इतिहास म्हणून उचलू नका. केंद्राचा आकडा सकाळी यायचा, राज्याचा संध्याकाळी, महापालिकेचा आणखी वेगळा. एकाच तारखेला तीन आकडे, तिन्ही आपापल्या जागी बरोबर. मधेच उडी दिसली तरी दचकू नका: १६ जून २०२० ला राज्यानं आधी नोंद न झालेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घातले. त्या दिवशी तेवढे लोक गेले नव्हते. वहीतला आकडा हा 'घरात त्या संध्याकाळी काय ऐकलं' याचा पुरावा आहे, तेवढंच.

---

फडताळ

गाळू नका हे पटलं. शुद्धलेखनाचं निम्मंच पटलं, पण वाचनप्रत वेगळी करायची तर भांडण मिटलं.

एक भर: प्रत घराबाहेर जाणार असेल तर दुसऱ्यांची आजारपणं झाका. शेजारी कुणाला लागण झाली, कुणाच्या घरावर पट्टी लावली, कुणी सोसायटीत कामवाल्या मावशींना येऊ दिलं नाही, हे सगळं नावानिशी लिहिलेलं असतं. वाचनप्रतीत आद्याक्षरंही नकोत, छोट्या वाडीत ती लगेच ओळखू येतात. 'वरच्या मजल्यावरचे', 'एक दुकानदार' असं करा आणि नावांची किल्ली वेगळ्या पाकिटात, मूळ वह्यांबरोबर.

---

शाईपेन

जपणुकीचं मी सांगते.

ठिपके म्हणजे बुरशी की फॉक्सिंग ते आधी बघा. तपकिरी, सपाट, बोटाला काही लागत नाही, वास नाही: कागद जुना होतोय, घाई नाही. पांढरट, राखाडी किंवा हिरवट, पावडरीसारखं, कुबट वास: बुरशी. ती वही लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, त्यानं ती कागदात मुरते. आधी पंख्याखाली, सावलीत, पानं थोडी उघडी ठेवून पूर्ण कोरडी होऊ द्या. मग अंगणात किंवा गॅलरीत, एन-९५ मास्क लावून (घरात शिल्लक असतीलच), मऊ ब्रशनं पुठ्ठ्याकडून बाहेरच्या बाजूला झटका. कडक उन्हात तासन्तास टाकून ठेवू नका, बुरशी जाईल पण शाईही उडेल.

बुरशी हवेतल्या ओलाव्यावर जगते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की ती धरते. कोकणात जून ते सप्टेंबर उघड्या कपाटात ती त्याखाली येणं अशक्य, म्हणून हवाबंद डबा. घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत १०० ग्रॅम सिलिका जेलच्या एक-दोन पिशव्या आणि शंभर-दोनशे रुपयांना मिळणारा छोटा आर्द्रतामापक. काटा ५० च्या आसपास राहिला पाहिजे.

इथे बहुतेकांची चूक होते ती वेळेची. पावसाळा आला म्हणून जुलैत वह्या डब्यात भरतात. कागद तोवर ओलावा पिऊन बसलेला असतो, तो आतच कोंडला जातो आणि डबाच बुरशीचं घर होतो. डिसेंबर-जानेवारीत, चार कोरडे दिवस लागून आले की वह्या सावलीत उघड्या ठेवा आणि मग बंद करा. सिलिकाचे नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशाला दोन तास, पुन्हा नारिंगी. निळे-गुलाबी होणारे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. पावसाळ्यात डबा उघडायचा तर रात्री किंवा सरी चालू असताना नको.

कसरीसाठी वेखंडाची पूड किंवा सावलीत पूर्ण वाळवलेला कडुनिंबाचा पाला, पण सुती पुरचुंडीत आणि वहीच्या बाहेर. पानांत पाला ठेवला की डाग पडतो. डांबरगोळ्या बंद डब्यात टाकू नका.

कागदातून काढायच्या गोष्टी: टाचण्या, स्टेपल, यू-पिना (गंजतात), रबरबँड (वितळून चिकटतात). फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही नाही, काही वर्षांत पट्टी सुटते आणि पिवळा चिकट डाग मागे राहतो. पातळ टिश्यू कागदाची पट्टी आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ, मोरचूद न घातलेली. कात्रणांचा कागद आम्लधर्मी, शेजारच्या पानावर तपकिरी चौकोन उठवतो. झेरॉक्स काढून ती पानात ठेवा, मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात.

शाई. बॉलपेन पाण्याला सहसा टिकतं, पण त्या वर्षाच्या वह्यांत एक खास डाग दिसतो: अक्षराभोवती जांभळट-निळं वलय, कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत. तो सॅनिटायझर. अल्कोहोलमध्ये बॉलपेनची शाई विरघळते, ओल्या हातानं पान धरलं की फुटते. त्यावर काही करू नका, आहे तसं स्कॅन करा. सगळ्यात धोक्यात आहे शाईपेनची धुता येणारी रॉयल ब्लू, उजेडात ती पार फिकट होते. स्कॅनिंगची सुरुवात तिथून करा, वहीच्या क्रमानं नाही.

स्कॅन ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), रंगीत. पेन्सिल किंवा उडालेली शाई असेल तिथे ४००. तुमची ६०० पानं चांगल्या जेपेगमध्ये एक-दीड जीबीत मावतील, त्यामुळे जागेसाठी दर्जा कमी करू नका. फोननं करणार असाल तर वहीखाली काळं कापड, खिडकीचा एका बाजूनं येणारा उजेड, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर. स्कॅनिंगच्या अ‍ॅपमधलं 'मॅजिक' किंवा काळं-पांढरं रूप बंद करा, ते पेन्सिलीच्या ओळी 'डाग' समजून पुसतं. फाइलचं नाव वहीच्या अक्षरानं आणि पानानं, आधी शून्यं लावून: क-००१. नाहीतर क-१० हे क-२ च्या आधी येऊन बसतं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साठ्यावर, एक दुसऱ्या गावी. पेनड्राइव्ह ही प्रत धरू नका.

---

निंबोणी

वरचं सगळं बरोबर, पण शेवटचा, मार्च-एप्रिल २०२१ चा मजकूर जड जाऊ शकतो, त्याची आखणी आधीच करा. त्या काळात घरातलं कुणी गेलं असेल तर दुसऱ्या कुणीतरी ती पानं आधी वाचून पानाच्या वर नुसती कोरी चिठ्ठी लावावी. चिठ्ठी दिसली की आज वाचायचं की नाही हे वाचणाऱ्यानं ठरवायचं.

बैठक अर्ध्या-पाऊण तासाची, एका वेळी एक महिना, रात्री झोपण्यापूर्वी नाही. वाचलेल्यावर लिहायचं असेल तर जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाची रीत उपयोगी पडते: सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, एकाच विषयावर, कुणाला दाखवायचं नाही असं धरून. लिहिताना घुसमट वाढत चालली तर थांबायचं, विषय बदलायचा; हे त्या रीतीतच सांगितलेलं आहे. लगेच बरं वाटेल अशी अपेक्षा नको, लिहून उठल्यावर तास-दोन तास उदास वाटणं नेहमीचं. ते आठवडाभर टिकलं, झोप गेली, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

---

बोरूबहाद्दर

सर्वांना दंडवत. आधी आठवून लिहायचं हे डोक्यात आलंच नसतं.

दोन शंका उरल्या. फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंची तारीख कशी धरायची? आणि किराण्याची बरीच बिलं पार कोरी पडली आहेत, काही करता येतं का? लॅमिनेट करावीत का?

---

दप्तरदार

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला की कॅमेऱ्यानं आत लिहिलेली तारीख निघून जाते. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात जी तारीख असते, आयएमजी-२०२००४०५-डब्ल्यूए०००७ अशी, ती त्या फोनवर पोहोचल्याची, काढल्याची नव्हे. म्हणून सूचीत 'मिळाला ५ एप्रिल' असं लिहा. फॉरवर्ड होऊन आलेला फोटो महिन्यापूर्वीचा किंवा भलत्याच गावचा असू शकतो, तो 'ऐकीव गोष्टी'त. गप्पा निर्यात करताना फोटोंशिवायची मजकुराची फाइल आधी काढा, फोटोंसकट घेतली तर कमी संदेश येतात. तारखेत आधी दिवस आहे की महिना ते मात्र १२ च्या पुढची तारीख शोधून तपासा.

---

शाईपेन

बिलं थर्मल कागदाची असणार. त्यात शाई नसतेच, कागदावरचा लेप उष्णतेनं काळा पडून अक्षरं उमटतात. उजेडानं, गरम जागेनं आणि पीव्हीसीच्या प्लास्टिक पाकिटानं ती उडतात. कोरी दिसणारी बिलं रंगीत, ४०० ते ६०० डीपीआयनं स्कॅन करून संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवून बघा, निळ्या रंगाचा थर वेगळा काढला तर काही वेळा आकडे वर येतात. ज्यांवर अजून दिसतंय त्यांची आजच झेरॉक्स काढा आणि मूळ बिलं कागदी पाकिटात, अंधारात. सॅनिटायझर लागलेला हात लावू नका, थर्मल कागद अल्कोहोलनं काळा पडतो. इस्त्री, हेअर ड्रायर, लॅमिनेशन यातलं काहीच नको. लॅमिनेशनच्या यंत्रातून बिल निघतं ते अख्खं काळंकुट्ट होऊन.